ब्युनोस आयर्सच्या पास्तर रस्त्यावर

जुलैत आम्ही उभयता अर्जेंटिनाला जाऊन आलो. इस्राएलात अंग भाजणारा उन्हाळा, तिकडे स्वेटरची थंडी! मुलांनो, नकाशात बघा, तो देश विषुववृत्ताच्या खाली आहे. कोलोन थिएटर, भलामोठा नऊ जुलै रस्ता सर्वजण पाहतात तसा आम्हीही पाहिला.

पाय अडकले ते ओन्से या जुन्या यहुदी वस्तीत. कापडाची दुकाने बघून मंगळदास मार्केटच आठवले. भुयारी रेल्वेच्या स्टेशनचे नाव २०१५पासून ‘पास्तर-आमिया’. १८ जुलै १९९४ला सकाळी ९ वाजून ५३ मिनिटांनी पास्तर रस्त्यावरची आमिया या यहुदी संस्थेची इमारत बॉम्बने उडवली. ८५ माणसे गेली. सगळी यहुदी नव्हती. आईचा हात धरून चाललेला पाच वर्षांचा मुलगाही गेला. जखमींना जवळच्या क्लिनिकास हॉस्पिटलात नेले. आम्ही जन्मभर नर्स. त्या सकाळी ड्यूटीवर कोण असतील, हेच मनात घोळत राहिले.

रस्त्याकडेच्या झाडांखाली मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत. एकीवर धूळ होती, ती ह्यांनी रुमालाने पुसली. दुकानातल्या बाईने हिब्रूत विचारले, “तुमच्या नात्यातलं कोणी?”

“नाही हो,” म्हटलं, आणि पुढची पाटी पुसायला घेतली.