इशारा बंदरापर्यंत पोचवण्याचा खर्च

भायखळा स्थानकापासून पूर्वेला दीड-दोन किलोमीटर चालत गेले की माझगाव, दारूखाना भागातील बंदरे लागतात. येथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसांना त्सुनामीचा धोका आहे का? असल्यास तयारीसाठी सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा? एका जुन्या नोंदीपासून आपण सुरुवात करू.

28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला सुमारे दोन मीटर उंचीची लाट पोचली. शहरात सुमारे 15 माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. भूकंप आणि लाट यांमध्ये पावणेपाच तास गेले होते. इतका वेळ का लागला?

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. मीटरमधील खोलीला 9.8 ने गुणून वर्गमूळ काढले की वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. 3000 मीटर खोल समुद्रात तो ताशी सुमारे 600 कि.मी. येतो, तर 75 मीटर खोलीवर ताशी 100 कि.मी.हून थोडा कमी. मुंबईसमोर सुमारे 300 कि.मी. रुंदीची उथळ समुद्रबूड जमीन पसरलेली आहे. मकरानपासूनचे पहिले सुमारे 900 कि.मी. लाट दीड तासात कापते, आणि शेवटच्या 300 कि.मी.ना तिला तीन तास लागतात. हे गणित दहावीच्या वर्गातही करून पाहता येईल.

हा वेळ निसर्ग देतो. त्याचा उपयोग होणे मात्र यंत्रणेवर अवलंबून असते. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यालाही दोन तासांहून अधिक अवधी होता. पण इशारा देणारे कोणी नव्हते. भारतात दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर केंद्र सरकारने सुमारे 125 कोटी रुपये खर्चून हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र उभारले. ते 2007 पासून काम करते आणि मोठ्या भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत पहिली सूचना देऊ शकते.

मग उरते काय? हैदराबादहून दारूखान्यातील कामगारापर्यंतचा शेवटचा टप्पा. भोंगे, ते चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या, पाणी कोठवर येईल याचे नकाशे, माझगावच्या भंडारवाडा टेकडीसारख्या उंच जागेकडे नेणारे फलक आणि दरवर्षीची कवायत. यातला बराचसा खर्च एकदा करून संपत नाही. तो दरवर्षी करावा लागतो.

पैशाची सोय कायद्यात आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीला सुमारे 1 लाख 60 हजार कोटी रुपये ठरवले. त्यातील प्रत्येक शंभर रुपयांची वाटणी अशी: मदतकार्याला 40, पुनर्बांधणीला 30, धोका कमी करण्याला 20 आणि पूर्वतयारीला 10. या दहा रुपयांत पूर, चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप असे सगळेच वाटेकरी आहेत.

त्सुनामी क्वचित येते, मग तिच्यावर पैसा का घालवावा, असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. केवळ त्सुनामीसाठी वेगळी यंत्रणा उभारली तर ती गंजून जाईल. पण वर सांगितलेला भोंगा चक्रीवादळातही वाजतो, आणि नकाशा अतिवृष्टीतही लागतो. म्हणून दर पावसाळ्यात वापरात येणाऱ्या साधनांवर पैसा घालणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या किनारी गावांना 2020 मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाकडून 'त्सुनामी-सज्ज' ही मान्यता मिळाली. तेथे नकाशे, फलक, गावसमिती आणि कवायती यांवरच भर होता.

मुंबई अग्निशमन दलाचे मुख्यालय भायखळ्यातच आहे आणि महापालिकेचे ई विभाग कार्यालयही. 5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन. त्या निमित्ताने शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे नेऊन तीन प्रश्न विचारायला लावावेत: इशारा आला तर तो बंदरावर कोण पोचवील? त्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम आहे? आणि शेवटची कवायत कधी झाली? उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.