स्तंभाकार फ्रीमन मेपल : नागरी वृक्षारोपणातील उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना : अरुंद पदपथ आणि रस्त्याला भिडलेल्या इमारती यांमुळे शहरांत पसरट वृक्षांना पुरेशी जागा मिळत नाही. यावर उपाय म्हणून अमेरिकेत स्तंभाकार वृक्षांचे वाण लावले जातात. त्यांपैकी ‘आर्मस्ट्राँग’ या संकर मेपलचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकराचे स्वरूप : वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानातील ऑलिव्हर फ्रीमन यांनी १९३३ मध्ये रेड मेपल व सिल्व्हर मेपल या दोन जातींचा संकर घडवून आणला. १९६९ मध्ये या संकरास ‘एसर फ्रीमनाय’ हे नाव मिळाले. सिल्व्हर मेपलची जलद वाढ व रेड मेपलचे तुलनेने बळकट लाकूड यांचा मेळ त्यात अपेक्षित असतो. ओहायो राज्यात निवडलेला ‘आर्मस्ट्राँग’ प्रथम रेड मेपल समजला जाई; पुढे त्याची गणना या संकरात झाली. त्याची उंची सुमारे १५ मीटर, तर विस्तार जेमतेम ४ ते ५ मीटर असतो.

मर्यादा : त्याच्या फांद्या खोडाशी लघुकोन करून वर जातात. बेचक्यात साल अडकल्यास सांधा दुबळा राहतो व वादळात फांदी फाटू शकते. म्हणून कोवळ्या वयातच योग्य छाटणी आवश्यक ठरते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वाणाची अभिवृद्धी शाकीय पद्धतीने होत असल्याने त्याची सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी असतात. डच एल्म रोगाने एल्मवृक्षांच्या रांगा उद्ध्वस्त केल्यावर अनेक शहरांनी मेपलचा आश्रय घेतला. परंतु १९९६ मध्ये ब्रुकलिन येथे मेपल पोखरणारा आशियाई लांबशिंगी भुंगेरा आढळला. २००८ मध्ये तो वुस्टर शहरी सापडल्यानंतर तेथील परिसरात ३०,००० हून अधिक झाडे तोडावी लागली.

समारोप : फ्रीमन यांच्याच संस्थेतील फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये एक प्रमाण सुचविले : नगरातील वृक्षसंपदेत एका जातीचे १०, एका प्रजातीचे २० व एका कुलाचे ३० टक्क्यांहून अधिक वृक्ष नसावेत. तात्पर्य, स्तंभाकार मेपल जागेचा प्रश्न सोडवितो, सुरक्षिततेचा नव्हे. अरुंद जागी त्याची निवड समर्थनीय आहे. मात्र संपूर्ण रस्ता एकाच वाणाच्या स्वाधीन करणे म्हणजे एल्मच्या अनुभवाची पुनरावृत्ती ओढवून घेणे होय.