कॉलेज बदलतांना

बारावीचे निकाल लागले कीं आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. "मुलाला कोणत्या कॉलेजांत घालावें?" हा त्यांचा नेहमींचा प्रश्न. परंतु दिवाळीच्या सुटींत दुसराच प्रश्न घेऊन येणारे पालकही आतां दिसूं लागले आहेत. मुलगी शहरांत शिकावयास जाऊन चार-पांच महिने झालेले असतात. सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं, जेवतां जेवतां, ती खालीं मान घालून म्हणते, "बाबा, मी परत जाणार नाहीं." घरांत एकदम शांतता पसरते. भरलेली फी, शेजारीं वांटलेले पेढे आणि वाया जाऊं पाहणारें वर्ष, सारें एकाच वेळीं डोळ्यांपुढें उभें राहतें. अशा प्रसंगीं रागावणें सोपें असतें, आणि लगेच होकार देणेंही सोपें असतें. हीं दोन्ही टोकें टाळून विचार कसा करावा, हें सांगणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॉलेज बदलणें ही नामुष्की नव्हे, आणि तो पराक्रमही नव्हे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ति ओली असतांना कोणी ती जागची हलवीत नाहीं. परंतु एका फळीवर घडली म्हणून ती रंगकामासाठीं दुसरीकडे नेऊंच नये, असेंही कोणी म्हणत नाहीं. केव्हां हलवावी आणि कशी हलवावी, हें कारागीर जाणतो. आपणांसही तेवढेंच शिकावयाचें आहे.

आपल्या या दोन तालुक्यांशीं ज्यांचीं नांवें कायमचीं जोडलीं गेलीं आहेत, अशा दोन थोर पुरुषांचे विद्यार्थिजीवन या बाबतींत पाहण्यासारखें आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं झाला. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, महाडजवळील नातें येथें झाला, आणि त्यांचें घराणें रोह्याचें.

विनोबा बडोद्याच्या कॉलेजांत शिकत होते. १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघाले असतां ते वाटेंत सुरतेस उतरले आणि काशीकडे वळले. एवढीच हकीकत ऐकून कित्येक मुलें म्हणतात, "विनोबांनीं नाहीं का कॉलेज सोडलें?" पण पुढची हकीकत ते सांगत नाहींत. गांधीजींच्या आश्रमांत दाखल झाल्यानंतर १९१७ सालीं विनोबांनीं एका वर्षाची रजा मागून घेतली व ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं उपनिषदें, गीता व ब्रह्मसूत्रें शिकण्यास गेले. वर्ष संपतांच ते आश्रमांत परत आले. काय शिकावयाचें, कोणापाशीं शिकावयाचें आणि किती काळ शिकावयाचें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्यांच्यापाशीं होतीं. नुसतें सोडणें वेगळें आणि ठरवून जाणें वेगळें, तें असें.

चिंतामणरावांची वाट निराळी. १९१२ सालीं ते मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत मात्र ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकले. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. संस्कृत त्यांनीं सोडलें नाहींच. कालिदासाच्या मेघदूताचें त्यांनीं मराठींत भाषांतर केलें. विषय बदलला म्हणजे आधींचें शिक्षण वाया गेलें, असें मानणाऱ्या पालकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. व्हिन्सेंट टिंटो नांवाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७५ सालीं, विद्यार्थी कॉलेज अर्धवट कां सोडतात, याची मीमांसा केली. तिचें सार असें कीं विद्यार्थ्याचे कॉलेजाशीं दोन धागे जुळावे लागतात. एक अभ्यासाचा आणि दुसरा माणसांचा. गुण चांगले पडत असूनही बोलावयास कोणी नसेल तर मुलगा कंटाळतो. मित्र पुष्कळ असूनही विषय डोक्यावरून जात असेल तर तो मागें पडतो. म्हणून पालकांनीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो "गुण किती?" हा नव्हे. "दोहोंपैकीं कोणता धागा तुटला आहे?" हा विचारावा.

याचें उत्तर शोधण्यास एक साधा उपाय आहे. विद्यार्थ्यानें पंधरा दिवस रोज रात्रीं एका वहींत, आज काय जड गेलें, हें दोन ओळींत लिहावें. पंधरा दिवसांनीं ती वही वडिलांबरोबर बसून वाचावी. तींत बहुधा तीन प्रकारच्या तक्रारी निघतात. पहिली जागेची : गाडीची गर्दी, वसतिगृहांतील जेवण, झोप न मिळणें. दुसरी विषयाची : गणित किंवा हिशेब मुळींच न आवडणें. तिसरी नवेपणाची : वर्गांत इंग्रजीतून चाललेलें शिकविणें न समजणें, आपल्या बोलण्याला कोणी हसेल अशी भीति. जागेची तक्रार खोली बदलून मिटते. विषयाची तक्रार कॉलेज बदलून मिटत नाहीं, विषयच बदलावा लागतो. आणि नवेपणाची तक्रार बहुधा काळानें मिटते. तिला निदान एक पुरें सत्र दिलें पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका मुलानें हा विचार न करतां कॉलेज सोडलें. त्यास वाटलें, तेथील मुलें गर्विष्ठ आहेत. दुसऱ्या कॉलेजांत गेल्यावर तेथील मुलेंही त्यास गर्विष्ठच वाटलीं. वर्ष गेल्यावर त्यानें आम्हांस मोकळेपणानें सांगितलें, "मी दोन्ही ठिकाणीं शेवटच्या बांकावर बसलों आणि कोणाशीं आपण होऊन बोललोंच नाहीं." उलट, रोह्याजवळच्या एका खेड्यांतील मुलगी रोज मुंबईस जाऊन-येऊन शिकत होती. दिवसाचे पांच-सहा तास गाडींत जात. अभ्यास तिला आवडे, मैत्रिणीही होत्या. पण सायंकाळीं पुस्तक उघडलें कीं डोळे मिटत. तिच्या वहींत पंधरांपैकीं बारा दिवस एकच शब्द होता : "झोप." तिनें वर्ष नीट पुरें केलें, सर्व विषयांत उत्तीर्ण झाली, आणि मग घराजवळच्या कॉलेजांत त्याच विषयासाठीं प्रवेश घेतला. आज तिचें उत्तम चाललें आहे. पहिल्यानें त्रास बरोबर नेला. दुसरीनें तो ओळखून मागें ठेवला.

बदलावयाचें ठरलेंच तर कोठें जावें? आपल्या भागांत आतां निवड करण्याजोगीं ठिकाणें आहेत. पेण येथें भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे. रोह्यांत चिंतामणराव देशमुखांच्याच नांवानें चालणारें महाविद्यालय आहे. अलिबागेस जनता शिक्षण मंडळाचें महाविद्यालय १९६१ पासून चालूं आहे. पनवेलीस महात्मा फुले व चांगू काना ठाकूर हीं महाविद्यालयें आहेत. मुंबईंत विल्सन आणि सेंट झेवियर्स यांसारखीं जुनीं मिशनरी कॉलेजें आहेत. मोठ्या नांवाला भुलूं नये, तसेंच जवळचें म्हणून त्यास कमीही लेखूं नये.

कॉलेज पाहावयास सुटीच्या दिवशीं जाऊं नये; कामाच्या दिवशीं जावें. ग्रंथालयांत मुलें बसलीं आहेत कीं नाहीं, प्रयोगशाळेंतील उपकरणें वापरांतलीं दिसतात कीं कपाटांत बंद आहेत, तास संपल्यावर शिक्षकांभोवतीं दोन-चार विद्यार्थी थांबतात कीं सारे निघून जातात, हें पाहावें. आपल्यासारख्याच गांवांतून आलेला एखादा विद्यार्थी गांठून, "पहिले तीन महिने तुम्हांस कसे गेले?" असें विचारावें. छापील माहितीपत्रकापेक्षां त्याच्या उत्तरावर अधिक भरंवसा ठेवावा. वसतिगृह, जाण्यायेण्याचा वेळ आणि घरीं परतण्याची शेवटची गाडी यांचीही चौकशी करावी; मुलींच्या बाबतींत तर अवश्य करावी.

आतां कागदपत्रांविषयीं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. रायगड जिल्हा त्याच्याच कक्षेंत येतो. त्याच विद्यापीठाच्या एका कॉलेजांतून दुसऱ्यांत जाणें त्यामानानें सोपें. कॉलेज सोडल्याचा दाखला, गुणपत्रकें आणि दोन्ही कॉलेजांची संमति लागते. विद्यापीठच बदलावयाचें असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागतें. उदाहरणार्थ, लोणेरें येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हें स्वतंत्र विद्यापीठ आहे. शिवाय जीं कॉलेजें स्वायत्त आहेत, तीं आपला अभ्यासक्रम आपण ठरवितात. म्हणून एकाच विद्यापीठांतही विषय जुळतीलच असें नाहीं. अर्ज करण्यापूर्वीं दोन्ही अभ्यासक्रम शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे.

आतां श्रेयांकांची पद्धति आहे. साधारणतः वर्गांतील पंधरा तासांच्या शिक्षणास एक श्रेयांक धरतात, आणि तीन वर्षांच्या पदवीसाठीं १२० ते १३२ श्रेयांक लागतात. २०२१ पासून हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवावर जमा ठेवणारी एक पेढी विद्यापीठ अनुदान मंडळानें सुरू केली आहे. याच मंडळाचे अध्यक्षपद १९५६ ते १९६१ पर्यंत चिंतामणरावांनीं भूषविलें होतें. पेढींत पैसे असले तरी दुकानदारानें ते घेतले पाहिजेत, तसेंच श्रेयांकांचें आहे. कोणते विषय मान्य होतील हें नवें कॉलेज व विद्यापीठ ठरवितें. तें लेखी घेतल्याशिवाय जुनी जागा सोडूं नये. राहिलेले विषय शक्य तों आधीं सोडवावे. शिष्यवृत्ति मिळत असेल तर नव्या ठिकाणीं ती पुढें कशी चालेल, हेंही विचारून घ्यावें. आणि मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवण्याचा कोणत्याही कॉलेजास अधिकार नाहीं, असें मंडळानें २०१८ सालींच जाहीर केलें आहे, हें पालकांनीं विसरूं नये.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. पाया घालण्याआधीं तो बसून खर्च मोजतो. आमच्या मतें त्या हिशेबांत पैशाबरोबर मुलाची झोप, त्याची भाषा, त्याचे मित्र आणि त्याचा आनंद हेंही मोजलें पाहिजे.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, मनांत खुपत असेल तें दिवाळीपर्यंत दाबून ठेवूं नका. पहिल्याच महिन्यांत घरीं सांगा. आणि पालकहो, मूल जेवतां जेवतां असें कांहीं बोललें, तर त्यास आधीं पोटभर जेवूं द्या. मग एक वही काढून त्याच्या शेजारीं बसा. कॉलेज बदललें काय आणि न बदललें काय, आपलें कोणी ऐकून घेतलें एवढें त्यास कळलें, तर पुढची वाट तें पुष्कळ धीरानें चालेल.