‘गो’चं ‘गोड’ का होत नाही?

‘प्ले’चं ‘प्लेड’, ‘वॉक’चं ‘वॉक्ड’. मग ‘गो’चं ‘गोड’ व्हायला काय हरकत होती? ऐकायलाही किती गोड! पण बाईंचं लाल पेन लगेच फिरतं आणि वर लिहिलं जातं, ‘वेंट’. या ‘वेंट’मध्ये ‘गो’चं काही सापडतंय का बघा. नाही ना? अहो, ते ‘गो’चं नाहीच मुळी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि परत द्यायला विसरावं, तसं ते आणलेलं आहे.

इंग्रजीत ‘वेंड’ नावाचं एक वेगळं क्रियापद होतं. अर्थ वळणं, वाट काढत जाणं. ‘सेंड’चं ‘सेंट’, ‘बेंड’चं ‘बेंट’, तसं त्याचं ‘वेंट’. ‘गो’चा भूतकाळ तेव्हा निराळाच होता. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो मागे पडला आणि लोकांनी त्याच्या जागी ‘वेंट’ आणून बसवलं. बिचाऱ्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’वर भागवावं लागलं!

काल-परवाच्या जाण्याला ‘वेंट’ म्हणायचं: ‘आय वेंट टु मैत्री बाग.’ पायानं जायलाच हवं असं नाही. दूध नासलं तरी ‘द मिल्क वेंट बॅड’. मात्र ‘डिड’ आलं की भूतकाळाचं काम त्यानंच उरकलेलं असतं, म्हणून ‘डिड यू गो?’ आणि ‘हॅव’ला लागतं ‘गॉन’.

आता इंग्रजीला हसण्याआधी जरा आपल्याकडे बघू. बसतो-बसला, उठतो-उठला. मग जातो-‘जाला’? छे, ‘गेला’! संस्कृतात जाण्याला ‘या’ आणि ‘गम्’ असे दोन धातू होते. ‘या’चा ‘ज’ झाला (यमुनेची जमुना झाली ना, तसाच) आणि ‘जातो’ मिळालं. ‘गम्’च्या ‘गत’पासून ‘गेला’ आलं. चांद्रयानातलं ‘यान’ पहिल्या धातूचं, त्याची ‘गती’ दुसऱ्याची. म्हणजे आपणही तीच चलाखी केली, इंग्रजांच्या कितीतरी आधी.

ही गंमत कानांनी ऐकायची तर छत्तीसगडमधल्या भिलाईला चला. इथल्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी होती आपलं नागपूर! 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली. देशभरातून माणसं आली, मराठी घरंही आली, आणि टाउनशिपच्या सेक्टरांत शेजारी-शेजारी राहू लागली. आता ऐका. हिंदीवाला म्हणतो जाता-गया. छत्तीसगढी म्हणते जाथे-गिस. बंगाली काकू म्हणतात ‘जाइ’ आणि ‘गेलाम’, अगदी आपल्या ‘गेलो’ची बहीण शोभावी असं. आणि भट्ट्या उभारायला आलेले रशियन इंजिनिअर? ‘मी जातो’ला ते म्हणत ‘इदू’ आणि ‘गेलो’ला ‘शोल’! बाई असेल तर ‘श्ला’. म्हणजे गेलो-गेले हा भेदही त्यांच्याकडे आहेच. साऱ्या गल्लीत सरळ वागतो तो तेलुगू शेजारी. ‘वेळ्ताडु’ म्हणजे जातो, ‘वेळ्ळाडु’ म्हणजे गेला. त्याला विचारा, तो आपल्या सगळ्यांना हसेल.

पण ही वाकडी रूपं टिकतात कशी? सारखी वापरात असतात म्हणून. 2007 साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली. आज त्यांतली 98 च वाकडी उरली आहेत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट वेगानं सरळ होतं, असं त्यांना आढळलं. क्वचित लागणाऱ्या शब्दाचं खास रूप विसरायला होतं, मग माणूस नेहमीचा नियम लावून मोकळा होतो. ‘वेंट’ विसरायला सवड कोणाला आहे?

आणि ‘गोड’ म्हणणारं पोर काही ढ नसतं. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन बाईंनी मुलांना एक बनावट क्रियापद दिलं, ‘रिक’. हा माणूस ‘रिक’ करतोय, कालही त्यानं तेच केलं, मग काल त्यानं काय केलं? जन्मात न ऐकलेल्या शब्दाला बहुतेक मुलांनी भूतकाळाचा नेहमीचा प्रत्यय जोडला. म्हणजे मुलं नुसती पोपटपंची करत नाहीत, नियम स्वतः शोधून काढतात. तुमच्या घरातलं तीन वर्षांचं पिल्लू ‘मी करलं’ म्हणतं ना? ‘धरलं’, ‘भरलं’ चालतं, तर ‘करलं’नंच काय घोडं मारलंय?