बिनपरीक्षेची पदवी?

"पोर विलायतेत जाऊन सहा महिने झाले, पण परीक्षेचे नाव नाही. मग पदवी कशाची देणार?" असा प्रश्न एका आजींनी परवा आम्हांस विचारला. त्यांची नात स्कॉटलंडमध्ये 'उपयोजित भाषाविज्ञान' या विषयात एम.एस्सी. करीत आहे. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपण सारे एस.सी. आणि एच.एस.सी.च्या तालमीत वाढलेली माणसे. तीन तासांचा पेपर, घड्याळाकडे एक डोळा आणि मग निकालाची धाकधूक, याखेरीज परीक्षा ती कसली, असेच आपल्याला वाटते. तेव्हा या पदवीची रीत आज समजावून घेऊ.

भाषा माणूस कशी शिकतो, ती शिकवावी कशी, तपासावी कशी आणि टिकवावी कशी, या व्यवहारातल्या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे उपयोजित भाषाविज्ञान. एडिंबरो विद्यापीठात १९५७ साली या विषयाचे स्वतंत्र केंद्र निघाले. आज ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रम आहे.

तेथील पदव्युत्तर पदवी एकूण १८० क्रेडिटांची असते. एक क्रेडिट म्हणजे सुमारे दहा तासांचा अभ्यास, म्हणजे वर्षाकाठी १,८०० तास झाले. यांतले वर्गातले तास थोडे. बाकीचे ग्रंथालयात आणि स्वतःच्या टेबलापाशी जातात. साधारणपणे १२० क्रेडिटे निरनिराळ्या विषयांची आणि ६० क्रेडिटे शेवटच्या लघुप्रबंधाची असतात. काही विषयांत लेखी पेपर असतोही, पण बहुतेक गुण निबंधांवर, संकलित भाषेच्या विश्लेषणावर आणि वर्गापुढे केलेल्या मांडणीवर मिळतात. म्हणजे परीक्षा नाही असे नव्हे. ती वर्षभर चालू असते, एवढेच!

निबंध म्हटला की आपल्याला पाठांतर आठवते. येथे ते उपयोगी पडत नाही. एक उदाहरण घ्या. आपल्याकडील एखादे मूल "मला भूक लागली" असे न म्हणता "मी भूक आहे" म्हणते. गुरुजी लाल रेघ मारतात. एडिंबरोचे प्राध्यापक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका लेखात असे मांडले की, शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात तयार होत असलेल्या भाषेचा पुरावा असतो. परीक्षकाला कॉर्डरांचे म्हणणे केवळ उतरवून दिलेले नको असते. ते या मुलाच्या वाक्याला लागू पडते का, येथे घरच्या क्रिओलची छाया आहे का, की हा केवळ नवख्याचा गोंधळ आहे, हे पुराव्यानिशी तपासलेले त्याला हवे असते. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून दिले, तर तो गंभीर गुन्हा ठरतो. मुदत चुकली तर पुष्कळ ठिकाणी दर दिवसाला गुण कापतात.

गुणांविषयी पालकांना एक सूचना. बहुतेक विद्यापीठांत ५० गुणांना उत्तीर्ण, ६० च्या पुढे मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असते. नातीने ६५ गुण कळवले तर "बाकीचे ३५ कुठे गेले?" असे विचारू नये, तिची पाठ थोपटावी.

खरी कसोटी लघुप्रबंधाची. विद्यापीठानुसार त्याची लांबी साधारण ८ हजार ते १५ हजार शब्द असते. प्रश्न आपण शोधायचा, सामग्री आपण गोळा करायची. कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आणि त्या माणसाची संमती लागते. मुलांच्या बाबतीत पालकांचीही. स्वतःच्या आजीचे बोलणे टिपायचे झाले, तरी तिला विचारल्यावाचून चालत नाही. हा नियम आम्हांस फार आवडला.

आता आपल्या घरची गोष्ट. याच अभ्यासक्रमात 'भाषेच्या परीक्षा' हा विषय पुष्कळ ठिकाणी शिकवतात. परीक्षेचा शिकवण्यावर उलट परिणाम होतो का, याचा शोध चार्ल्स ऑल्डरसन आणि डायने वॉल यांनी श्रीलंकेत घेतला. तेथे शालेय इंग्रजीची परीक्षा बदलली होती. त्यांना असे आढळले की, परीक्षेमुळे वर्गात काय शिकवतात ते बदलले, पण कसे शिकवतात ते बदलले नाही. पद्धत बदलायची तर शिक्षकही तयार करावा लागतो.

आम्ही मराठी शिकलो ती व्याकरण, भाषांतर आणि निबंध यांच्या बळावर. गुण चांगले मिळाले. परंतु आम्ही मराठीत दोन गोष्टी बोलू शकतो का, हे आम्हांस कोणी विचारले नाही. आणि जे विचारले जात नाही, ते शिकायचे राहून जाते. घरी क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच. मराठीच्या वाट्याला उरली वही. परीक्षा संपली की वहीही मिटली. आज आमची नातवंडे आजीला नमस्कार मराठीत करतात आणि पुढचे सारे क्रिओलमध्ये बोलतात. क्रिओलशी आमचे भांडण नाही, तीही आपलीच भाषा. दुःख एवढेच की, मराठीत उत्तम गुण मिळवलेल्या मुलालाही आजीची गोष्ट समजत नाही.

मराठीची परीक्षा बोलण्याची कशी घ्यावी, गुण न्यायाने कसे द्यावेत, शिक्षकांची तयारी कशी करावी, हे प्रश्न हौसेने सुटणारे नव्हेत. त्याला विद्या लागते. त्या आजींना आम्ही एवढेच सांगितले की, नात परीक्षा चुकवीत नाही. परीक्षा कशी असावी, हेच ती शिकत आहे. तिने लघुप्रबंधासाठी आपल्या मोहल्ल्यातला एखादा मराठीचा वर्ग निवडला, तर त्याचा लाभ तिच्या पदवीपुरता राहणार नाही.

आजी म्हणाल्या, "मग तिला म्हणावे, माझे बोलणे टिपून घे. माझी संमती आहे."