फॉरमॅट मारलं की मशीन पळतं?

नव्वदच्या दशकात पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला, की एक आश्वासन हमखास मिळायचं: ‘फॉरमॅट मारून देतो, मशीन पळायला लागेल.’ बऱ्याचदा ते खरोखर पळायचंही, म्हणून तर हा समज इतका घट्ट बसला. पण डॉसची फॉरमॅट आज्ञा हार्ड डिस्कचा वेग वाढेल असं काहीच करत नव्हती. ती डिस्क वाचत जायची, खराब जागा टिपून ठेवायची आणि फाइलींच्या नोंदी कोऱ्या करायची. फरक पडायचा तो त्यानंतर. मोजकेच प्रोग्रॅम पुन्हा टाकले जायचे, फाइली सलग जागेत बसायच्या आणि मशीन चालू होताच मेमरीत ठाण मांडणारे निरुपयोगी प्रोग्रॅम गायब व्हायचे. हे सगळं डेटा न पुसताही करता आलं असतं.

याच समजाला जोडून दुसरा होता आणि तो जास्त घातक: मशीन मंद झालं म्हणजे व्हायरस शिरला आणि फॉरमॅट मारलं की तो जातो. 1990 साली भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस इथे आठवावा. दर 5 जानेवारीला तो मशीन अडवून धरायचा आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. हार्ड डिस्कवर त्याचा मुक्काम असायचा अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, जिथे डिस्कचे भाग कसे पाडलेत याची नोंद असते. फॉरमॅट आज्ञा त्या सेक्टरला हातच लावत नाही. म्हणजे सगळा डेटा जायचा आणि व्हायरस जागच्या जागी राहायचा! तो काढायचा तर आधी स्वच्छ, राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून मशीन चालू करायला हवं, नाहीतर व्हायरस आधीच मेमरीत शिरून स्वतःला लपवायचा. पुण्याच्याच कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभं केलं, ते याच काळात. 

त्याआधीच्या पिढीतल्या डिस्कवर मात्र एक फॉरमॅट असं होतं, की त्याने वेग खरंच बदलायचा: लो-लेव्हल फॉरमॅट, म्हणजे डिस्कवरचे ट्रॅक आणि सेक्टर मुळातून आखणं. 1983च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये 10 एमबीची डिस्क होती. ती मिनिटाला 3600 फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला 60. एका ट्रॅकवर 17 सेक्टर, प्रत्येकात 512 बाइट. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 510 केबी वाचता यायला हवेत. पण एक सेक्टर वाचून तो आत पोचवेपर्यंत कंट्रोलरला वेळ लागायचा आणि तेवढ्यात पुढचा सेक्टर हेडखालून निघून जायचा. बस चुकली की ती पूर्ण फेरी मारून येईपर्यंत स्टॉपवर उभं राहावं लागतं, तशीच ही गत. म्हणून लागोपाठचे सेक्टर मुद्दाम अंतर सोडून मांडत, यालाच इंटरलीव्ह म्हणत. एक्सटीवर हे प्रमाण 6:1 असायचं. अख्खा ट्रॅक वाचायला सहा फेरे लागायचे आणि वेग मिळायचा सेकंदाला जेमतेम 85 केबी.

साहजिकच ‘1:1 केलं की सहापट वेग’ असा तर्क निघाला आणि तो साफ चुकीचा होता. कंट्रोलर मंद असताना 1:1 केलं, तर प्रत्येक सेक्टरसाठी नव्या फेऱ्याची वाट पाहावी लागते आणि वेग 30 केबीच्या आसपास कोसळतो. योग्य आकडा मशीनगणिक वेगळा असायचा, मोजूनच ठरवावा लागायचा. स्टीव्ह गिब्सन यांचं ‘स्पिनराइट’ हेच मोजायचं आणि डेटा शाबूत ठेवून एकेक ट्रॅक नव्याने मांडायचं. पुढे आयडीई डिस्क आल्या, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि हा प्रश्नच मिटला. त्यांचं लो-लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच झालेलं असे. तरीही जुन्या सवयीने त्यांच्यावर ते चालवणारे होतेच. त्याने फायदा शून्य आणि काही जुन्या डिस्कचं उलट नुकसान.

मेमरीचा वापर हा वेग वाढवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग होता. डॉससोबत येणारं स्मार्टड्राइव्ह वारंवार लागणारा डेटा रॅममधल्या राखीव जागेत, म्हणजे कॅशमध्ये, धरून ठेवायचं. पण ‘कॅश जितकी मोठी तितकं बरं’ हे खरं नव्हे. 4 एमबी रॅममधली निम्मी कॅशला दिली, की विंडोजला जागा अपुरी पडते आणि ते डिस्कवरच स्वॅप करत बसतं. डिस्कचा दिवा मग विझतच नाही.

याहून गंभीर गोष्ट लिहिण्याची. पेठांमधल्या डीटीपी सेंटरमध्ये दिवसभर मजकूर जुळवला जायचा, कुठे पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीवर, तर कुठे सी-डॅकच्या सॉफ्टवेअरवर. सेव्ह केलं, प्रॉम्प्ट आला, आता काम सुरक्षित, असं वाटणं स्वाभाविकच. पण 1993च्या एमएस-डॉस 6.0 मध्ये स्मार्टड्राइव्ह लिहायचा मजकूर काही सेकंद रॅममध्येच थोपवून ठेवायचं. तेवढ्यात लाइट गेली किंवा कोणी घाईने बटण बंद केलं, तर फाइल अर्धवट. त्याच वर्षी आलेल्या 6.2 मध्ये मायक्रोसॉफ्टने हे बदललं: आधी डिस्कवर लिहायचं, मगच प्रॉम्प्ट दाखवायचा. थोडा वेग गेला, पण हा सौदा योग्यच होता. जिथे वीज बेभरवशाची, तिथे तर जास्तच.

उरलं डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग मांडणं. रोज चालवलं तर मशीन ताजंतवानं राहतं, असं अनेकांना वाटे. डॉस फाइलींना जागा ठरावीक मापाच्या क्लस्टरमध्ये देतं आणि 400 एमबीच्या पार्टिशनवर एक क्लस्टर 8 केबीचा. दोन केबीचं पत्र एकाच क्लस्टरमध्ये मावतं, त्याचे तुकडे होणारच कसे? खरा फायदा व्हायचा तो स्कॅन केलेली चित्रं आणि सतत वाढत जाणाऱ्या डेटाबेस फाइलींना, तोही अधूनमधून चालवलं तरी पुरे.

  आता घरोघरी एसएसडी आहेत. त्यात फिरणारी चकती नाही, हेड नाही, त्यामुळे फाइलीचे तुकडे कुठेही असले तरी वाचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुन्हा पुन्हा डीफ्रॅग केल्याने मात्र लिहिण्याची मर्यादित क्षमता उगीच खर्च होते. हल्लीचं विंडोज एसएसडी ओळखून तिला ट्रिमची सूचना पाठवतं, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते कळवतं. ते आपोआप होऊ द्यावं आणि डीफ्रॅगची वेगळी सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नयेत.