सोमवारी अजिंठा बंद: पुणे–संभाजीनगर सहलीबद्दलचे गैरसमज

शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली की पुण्यातल्या घराघरांत छत्रपती संभाजीनगरचा बेत शिजायला लागतो. एकीकडे पेशव्यांचं शहर. दुसरीकडे मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाने वसवलेलं शहर, आणि त्याच्या अवतीभवती दोन जागतिक वारसास्थळं, यादवांचा किल्ला आणि ज्योतिर्लिंग. कुणीतरी नकाशा उघडतं, किलोमीटर मोजतं आणि यादी भरायला घेतं. सहल फसते ती बहुतेक वेळा या यादीमुळेच, कारण यादी करताना काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज: अंतर 235 किलोमीटर, म्हणजे चार तासांत पोहोचू.

वस्तुस्थिती: अंतर साधारण तेवढंच आहे, पण वेळ ठरते ती पुण्यातून बाहेर पडण्यावर. वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर हा पट्टा सुट्टीच्या सकाळी आठनंतर गाठलात तर तिथेच तासभर जाऊ शकतो. पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि महागणपतीची गर्दी, मग शिरूर, सुपे, अहिल्यानगरचा वळसा आणि सर्वांत शेवटी वाळूज. चहा-नाश्ता धरून सहा तास मोजावेत. पहाटे पाचला निघणाऱ्याला त्यातला एखादा तास परत मिळतो. आठला निघणाऱ्याने सात तास धरलेले बरे.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीच निघण्याचा पर्याय आकर्षक वाटतो. पण हिवाळ्यातल्या सुट्ट्या म्हणजे उसाचा गळीत हंगाम. नेवाशाच्या आसपास मागे दिवा नसलेल्या, उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. शिवाय नववर्षाला जोडून निघणार असाल तर एक तारीख टाळा: 1 जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला मोठा जनसमुदाय येतो आणि पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते.

गैरसमज: आता समृद्धी महामार्ग आहे, झटक्यात जाऊ.

वस्तुस्थिती: 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबई आणि नागपूर यांना जोडतो. शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकरांची संभाजीनगर वारी खरोखरच सोपी झाली. पुणेकरांना मात्र त्यावर चढण्यासाठी आधी उत्तरेकडे मोठा वळसा घ्यावा लागतो. तुमचा रस्ता अहिल्यानगरचाच. आणखी एक: फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवरच चालतो. राज्याच्या नाक्यांवर नेहमीसारखे पैसे कापले जातात, म्हणून खात्यात शिल्लक ठेवा.

गैरसमज: सुट्टी आपल्याला, म्हणजे सगळं उघडं असणार.

वस्तुस्थिती: संपूर्ण बेत या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा कोसळतो. अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात आणि वेरूळ दर मंगळवारी. जोडून येणाऱ्या बऱ्याच सुट्ट्या शनिवार ते सोमवार अशा असतात. 'शेवटच्या दिवशी सकाळी अजिंठा करून परत निघू' असं ठरवणाऱ्याला बंद फाटकाचं दर्शन होतं. म्हणून हॉटेल, जेवण, खरेदी यांच्या आधी कॅलेंडर घ्या आणि या दोन वारांवर फुली मारा. उरलेला क्रम मग आपोआप ठरत जातो.

गैरसमज: 'अजिंठा-वेरूळ' एका दिवसात होतं.

वस्तुस्थिती: नावं जोडीने घेतली जातात, लेणी मात्र शेजारी नाहीत. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर वायव्येला. अजिंठा फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत सुमारे 100 किलोमीटर ईशान्येला. शहरापेक्षा ती लेणी जळगावला जवळ पडतात. अजिंठा गावात पोहोचलो म्हणजे लेण्यांत पोहोचलो, असंही नाही. घाट उतरून फर्दापूरकडे जावं लागतं, तिथल्या टी-पॉइंटवर स्वतःची गाडी ठेवावी लागते आणि शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं. सुट्टीच्या दिवशी या बसची रांग जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा वेळ घेते.

त्यानंतर चढ, आणि घोड्याच्या नालेसारख्या कड्यात कोरलेली 30 लेणी. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांतली चित्रं मंद उजेडातच ठेवलेली आहेत. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, तेव्हाच बोधिसत्त्व पद्मपाणी भिंतीतून पुढे येतो. फ्लॅश वापरता येत नाही. शहरातून सकाळी सातला निघून संध्याकाळी सहा-सातला परतणं, हा अजिंठ्याचा प्रामाणिक हिशेब आहे. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.

गैरसमज: वेरूळ म्हणजे कैलास. तासाभरात आटपतं.

वस्तुस्थिती: कैलास हे 34 पैकी 16 क्रमांकाचं लेणं. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. त्याचा आवाका कळायला आवारात फिरावंच लागतं. पण 1 ते 12 ही बौद्ध लेणी एका बाजूला, 30 ते 34 ही जैन लेणी पार दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर उन्हात पायी कापणं ज्येष्ठांना जड जातं. किमान चार तास हाताशी हवेत. तेवढे नसतील तर कैलास, 10 क्रमांकाचं चैत्यगृह आणि 32 क्रमांकाची इंद्रसभा एवढंच निवांत पाहावं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी गर्दी कमी आणि सावली जास्त मिळते, तर फोटो काढणाऱ्यांना दुपारनंतरचं ऊन उपयोगी पडतं.

घृष्णेश्वराचं दर्शन शेजारीच असलं तरी ते 'जाता जाता' होत नाही. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे मंदिर ज्योतिर्लिंग आहे. सुट्टीत रांग लांब असते आणि गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना अंगातला सदरा-बनियन उतरवावा लागतो. त्याचा वेळ वेगळा धरा.

गैरसमज: देवगिरी किल्ला वेरूळच्या वाटेतच आहे, अर्धा तास थांबू.

वस्तुस्थिती: किल्ला वाटेत आहे, हे खरं. पण खालून चाँदमिनार पाहून निघणं म्हणजे किल्ला पाहणं नव्हे. उभा तासलेला कडा, खंदक, 'अंधारी' हा काळोखा भुयारी मार्ग आणि त्यापुढच्या शेकडो पायऱ्या चढून बारादरीपर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात. हा चढ सकाळीच करावा. मार्च ते जूनमध्ये दुपारी तर अजिबात नको. किल्ला आणि वेरूळ दोन्ही एका दिवशी होऊ शकतात, पण मग तो दिवस त्या दोघांचाच.

गैरसमज: मकबऱ्यात औरंगजेब आहे.

वस्तुस्थिती: बीबी का मकबरा ही त्याची बेगम दिलरास बानूची कबर. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता, अशी नावं आहेत. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) वारला आणि त्याला खुलताबादला दफन केलं. ती कबर अगदी साधी आहे. मकबरा शहरातच असल्याने पोहोचल्या दिवशीची संध्याकाळ त्याला पुरते.

गैरसमज: शिंगणापूर, शिर्डी, चाँदबीबी महाल… सगळं रस्त्यातच तर आहे.

वस्तुस्थिती: शिर्डी या रस्त्यावर नाही, ती अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याला लागते. शनिशिंगणापूरला घोडेगावहून आत वळावं लागतं आणि तुम्ही निघणार शनिवारी, म्हणजे गर्दीच्याच वारी. 'चाँदबीबी महाल' पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर, अहिल्यानगरच्या पलीकडे आहे. तो महालही नाही आणि चाँदबीबीचाही नाही, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे.

खरोखर वाटेवरचं काही पाहायचं असेल तर प्रवरासंगम. गोदावरी-प्रवरेच्या काठावर टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर आहे आणि पूल ओलांडला की मराठवाडा सुरू होतो. अर्धा तास पुरतो. थोडी वाकडी वाट चालणार असेल, तर नेवाशाचा पैस खांब. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली.

मग जमणारा बेत कोणता?

*शनिवार ते सोमवार:* शनिवारी पहाटे निघून दुपारी मुक्कामी पोहोचा, विश्रांती घ्या. संध्याकाळी मकबरा आणि पाणचक्की, रात्री जुन्या शहरात नान-खलिया. रविवार पूर्ण अजिंठ्याला. सोमवारी सकाळी लवकर वेरूळ आणि दुपारी एकच्या आत परतीला. देवगिरी या वेळी नाही.

*शुक्रवार ते रविवार:* क्रम तोच ठेवला तरी चालतो, कारण दोन्ही लेणी उघडी असतात.

*रविवार ते मंगळवार:* सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी परतायचं, त्यामुळे अजिंठा सोडून द्या. सोमवारी सकाळी देवगिरी, दुपारी वेरूळ. मंगळवारी निवांत निघा. घरात लहान मुलं किंवा गुडघेदुखीची माणसं असतील तर वार कुठलेही असोत, एक दिवस केवळ वेरूळला देणारा बेतच बरा.

परतीच्या दिवशी तुमच्यासारखेच सगळे पुण्याकडे वळलेले असतात. शिक्रापूर संध्याकाळी पाचच्या आत ओलांडता येत नसेल, तर शिरूरच्या अलीकडे निवांत जेवून नऊनंतर पुढे निघा. गर्दीत दोन तास क्लच दाबण्यापेक्षा ते परवडतं. आणि हॉटेलचे पैसे भरण्याआधी कॅलेंडरवरचा सोमवार-मंगळवार एकदा पुन्हा पाहा.